भिंतीत शिरलेलं अस्तर

माझं शेवटचं डोहाळजेवण झालं तेव्हा मी गरोदर नव्हते. त्या दिवशी हे ठाण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मी हिरवं लुगडं नेसून, हातभर हिरव्या बांगड्या भरून झोपाळ्यावर बसले होते आणि आळीतल्या बाया माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. पस्तिशी उलटल्यावर, थोरली मुलगी सासरी गेल्यावर, घरात पुन्हा पाळणा हलणार म्हणून सगळ्यांना मोठी मौज वाटत होती.

प्लेग येण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. आमचं घर तलावाच्या मागच्या अंगाला होतं. घरात आम्ही दोघी जावा. थोरले दीर नौपाड्यातली भाताची शेतं बघत. सकाळी छत्री घेऊन निघत, संध्याकाळी परत येत, आणि जाता-येता मिळून चार शब्द बोलत. आमची स्वारी (नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, मी अजूनही स्वारीच म्हणते) जिल्ह्याच्या कचेरीत भाषांतराच्या कामावर होती. लोकांच्या मराठी अर्जांचं इंग्रजी करायचं आणि साहेबाच्या इंग्रजी हुकुमांचं मराठी करायचं. घराचा कारभार मात्र जाऊबाईंचा. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना मूलबाळ झालं नाही. माझी तिन्ही मुलं त्यांनीच वाढवली म्हटलं तरी चालेल. मुलं आई मला म्हणत, पण भूक लागली की त्यांच्याकडे धावत.

डोहाळजेवणाची हौस त्यांचीच होती. त्याआधीची काही वर्षं माझी प्रकृती ठीक नव्हती. महिन्याचे दिवस आले की ओटीपोटात पिळवटून निघे, कंबर तुटे, आणि अंगावरून इतकं जाई की उठले की डोळ्यांपुढे अंधारी येई. चार दिवसांत न्हाऊन घरात यायचं, ते मला आठवडा आठवडा मागच्या पडवीतल्या खोलीत काढावा लागे. स्वारी कचेरीतून आली की वर्तमानपत्र उंबऱ्यावरून छत्रीच्या टोकाने आत सरकवी. त्यामुळे रशियाच्या झारापासून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जगातल्या सगळ्या भानगडी मला माहीत असत, आणि माझ्या स्वतःच्या पोटात काय चाललंय तेवढं माहीत नसे. वैद्यबुवांनी अशोकाची साल उकळून प्यायला दिली. सुईणीने पोट चोळलं. जाऊबाई ओवा नि बाळंतशेपा देत आणि म्हणत, "बायकांच्या जन्माला हे आलंच. तू जरा नाजूक आहेस, धाकटे, दुसरं काही नाही."

मग एकदा दोन महिने पाळी चुकली आणि पोट मात्र चार महिन्यांचं दिसायला लागलं. सुईणीने हात फिरवला आणि छातीठोकपणे सांगितलं, "दिवस आहेत. मुलगाच आहे, उजव्या कुशीला आहे." जाऊबाईंनी तिला नारळ दिला, खण दिला. सातव्या महिन्यापर्यंत थांबायची रीत, पण त्यांना कुठला धीर! "सातव्यात पुन्हा करू. घरच्या घरी तर आहे," असं म्हणून त्यांनी पुरण शिजत टाकलं.

बायांनी दुसरं गाणं धरलं असेल-नसेल, माझ्या पोटात कळ आली. मी झोपाळ्याची कडी घट्ट धरून हसत राहिले. पण थोड्याच वेळात हिरव्या लुगड्यावर ते दिसायला लागलं आणि गाणं थांबलं. मूल गेलं असंच सगळ्यांना वाटलं. रक्त थांबेना तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या की त्या नव्या डॉक्टरीणबाईंना बोलवा.

स्त्रियांसाठी दवाखाना गावात नुकताच उघडला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई नगरकडच्या मराठी ख्रिस्ती होत्या. मुंबईत शिकून आलेल्या, वय तिशीच्या आत. त्या आल्या त्या पायीच, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात काळी पेटी घेऊन. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, जाऊबाईंना मात्र राहू दिलं. मला औषध पाजलं, पोट तपासलं, पुष्कळ वेळ तपासलं.

"मूल गेलं ना हो?" जाऊबाईंनी विचारलं.

"गेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूल नव्हतंच."

"नव्हतं कसं? एवढं पोट दिसत नाही का तुम्हाला?"

"पोट आहे. गर्भाची पिशवी मोठी झाली आहे, ती हाताला लागते. पण आत मूल नाही."

"मग आहे तरी काय?"

"मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जाऊबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आमच्या घरात वैद्य आले होते, सुइणी आल्या होत्या, पत्रिका बघणारे आले होते. त्यांतल्या एकाच्याही तोंडून हे शब्द कधी निघाले नव्हते. मला तशा स्थितीतही हसू आलं. या बाईवर माझा विश्वास बसला तो तिथे.

पाहुण्या बाया जेवून गेल्या. जाऊबाईंनी एकीलाही उपाशी जाऊ दिलं नाही. "मूल नाही म्हणून पोळ्या टाकून द्यायच्या का?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना वाढलं, आणि शेवटची बाई दारातून बाहेर पडल्यावर स्वयंपाकघरात बसून रडल्या.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, आणि येतच राहिल्या. त्या येऊन गेल्या की जाऊबाई घरभर गोमूत्र शिंपडत. डॉक्टरीणबाईंना ते ठाऊक होतं. एकदा जाता जाता त्या हसून म्हणाल्या, "मोठ्या बाई, आज जरा जास्त शिंपडा, मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले होते." जाऊबाई अशा ओशाळल्या की त्या दिवशी वाटी कोनाड्यातच राहिली.

डॉक्टरीणबाई प्रश्न विचारत, आणि असले प्रश्न मला जन्मात कुणी विचारले नव्हते. कळ आधी येते की रक्त आधी? दुखणं पुढून आहे की कमरेतून? पायात उतरतं का? कोणत्या बाळंतपणानंतर सुरू झालं? मी उत्तर दिलं की त्या मान हलवत आणि त्यावर आणखी एक प्रश्न विचारत. "जरा नाजूक आहेस" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

मग एक दिवस त्यांनी अवघड गोष्ट मागितली. "ही बाजूला बसते तेव्हाच मला हिचं पोट बघायचं आहे. एरवी बघून उपयोग नाही. आधी, त्या दिवसांत आणि नंतर, असं तिन्ही वेळा बघितलं तर काही कळेल."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या दिवसांत मला कुणी शिवणं म्हणजे केवढी गोष्ट! जाऊबाई विचारात पडल्या. त्यांचं डोकं फार चांगलं होतं, ते वापरायला त्यांना कुणी वाव दिला नव्हता इतकंच.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला विटाळ लागत नाही. ही तर बाजूलाच बसलेली, तिला आणखी काय बाटायचं? म्हणजे तुम्ही हिला शिवलात तर कुणाचंच काही बिघडत नाही. या तुम्ही."

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. "मोठ्या बाई, तुम्ही कोर्टात वकील व्हायला हव्या होतात."

असं ते तपासणं सुरू झालं. काही महिने गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. पिशवीत गाठ असते तेव्हा ती हाताला टणक लागते, वेडीवाकडी लागते. माझी पिशवी सगळ्या बाजूंनी सारखीच फुगली होती, सोललेल्या नारळासारखी. त्या दिवसांत ती आणखी फुगे, मऊ होई, बोट लावू देत नसे, आणि नंतर पुन्हा आवळून येई. "गाठ अशी महिन्याच्या महिन्याला वाढत-कमी होत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पुस्तकांत मला हे सापडत नाही. मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

मुंबईतले मोठे डॉक्टर स्कॉटलंडचे होते. उंच, लाल मिशांचे, घाईत असलेले. त्यांनी तपासलं आणि निकाल दिला, गाठ आहे, पिशवी काढून टाकावी लागेल. डॉक्टरीणबाई त्यांच्याशी इंग्रजीत बराच वेळ बोलल्या. त्यांनी मान हलवली, पण मत बदललं नाही. ऑपरेशन धोक्याचं आहे हे मात्र त्यांनी लपवलं नाही.

ठाण्याला परत आल्यावर स्वारी ओसरीत येरझाऱ्या घालू लागली. शेवटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला काय वाटतं?"

"इकडे काय वाटतं?" मी विचारलं.

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते. पण अर्धा महिना मी दुखण्यात असते आणि अर्धा महिना दुखण्याच्या धास्तीत. अंगात रक्त राहिलेलं नाही, जिना चढले तर धाप लागते. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच राहणंही धोक्याचंच आहे. निदान काहीतरी करून तरी बघते."

"कर मग," स्वारी म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मग म्हणाली, "मी रजेचा अर्ज करतो. तो मात्र मला चांगला लिहिता येतो."

मुंबईला जाऊबाई माझ्याबरोबर आल्या. इस्पितळाच्या मागच्या अंगणात त्यांनी आपली शेगडी मांडली आणि सोवळ्यात स्वतःचा भात शिजवू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या शेगडीवर अख्ख्या वॉर्डातल्या बायांची पेज शिजायला लागली, कारण इस्पितळातली पेज त्यांनी बघितली होती आणि त्यांना ती पसंत पडली नव्हती. मला क्लोरोफॉर्म दिला तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी होत्या. "काहीतरी पाठ असेल ते म्हणा," त्या म्हणाल्या. मी रामरक्षा सुरू केली. जागी झाले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती, पोट जळत होतं, आणि जाऊबाई पायाशी बसून उरलेली रामरक्षा पुरी करत होत्या.

बरी व्हायला मला बराच काळ लागला. ताप आला, उतरला, पुन्हा आला. पण मी बरी झाले. त्या काळात सगळ्याच बाया होत नसत, म्हणून हे सांगितलं पाहिजे.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी डॉक्टरीणबाई माझ्या खाटेजवळ आल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "धाकट्या बाई, गाठ नव्हती. साहेबांनी पिशवी कापून उघडली, तर सोलून काढता येईल असं आत काही नाही. भिंतच जाड झालेली, दोन बोटं जाड. साहेब चकित झाले."

"मग भिंत कशाने जाड झाली?"

"तेच बघायचं आहे. मी त्यातला तुकडा मागून घेतला आहे. तुमची हरकत नाही ना?"

मी म्हटलं, "मला आता त्याचा काय उपयोग? पण काय दिसलं ते मला सांगायचं. आणि सांगून भागणार नाही, दाखवायचं."

तुकडा बरणीत, दारूच्या अर्कात बुडवून ठाण्याला आला. डॉक्टरीणबाईंकडे पितळी सूक्ष्मदर्शक होता, शिकताना बक्षीस मिळालेला. त्यातून बघायचं तर तुकड्याचा काप इतका पातळ हवा की त्यातून उजेड आरपार जावा. त्यांनी बाजारपेठेतून न्हाव्याचा चांगला वस्तरा आणला, आणि तुकडा मेणात बसवून हाताने काप काढायला सुरुवात केली. पहिले काप पापडाएवढे जाड आले. हात बसावा म्हणून त्या आमच्या ओसरीवर दुसऱ्या कोऱ्या वस्तऱ्याने मुळ्यावर सराव करायच्या. पातळ चकत्या त्या ठेवून घेत आणि गोमूत्राची वाटी केव्हाच विसरलेल्या जाऊबाई बाकीच्यांची कोशिंबीर करत. पुढे हात बसला. मग काप किरमिजी रंगात बुडवून ठेवायचे, धुवायचे आणि काचेवर पसरायचे.

एके दिवशी सकाळी त्या सूक्ष्मदर्शक घेऊन आमच्याकडेच आल्या. मला अजून फार चालवत नव्हतं. मागच्या पडवीत ऊन चांगलं येई, तिथे पाटावर तो ठेवला आणि खालचा आरसा उन्हाकडे वळवला. आधी त्यांनी बघितलं. काच सरकवत बघत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"हे इथे कसं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"काय?" मी विचारलं.

"या, बघा."

मला आधी नुसता लाल उजेड दिसला. मग त्यांनी चाक फिरवलं आणि दोऱ्यांच्या लडी एकमेकींत गुंतल्यासारखं काहीतरी स्पष्ट झालं. "ते पिशवीचे स्नायू," त्या म्हणाल्या. "आता मध्ये बघा. लहान लहान कडी दिसतात?" दिसत होती. बांगड्या विखराव्यात तशी, कुठे एकटी, कुठे चार जमलेली. सुंदर दिसत होती, हे खरं सांगते.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पिशवीला आतून अस्तर असतं, चोळीला असतं तसं. ते दर महिन्याला फुगतं, गळतं, आणि रक्त होऊन बाहेर जातं. ही कडी त्या अस्तरातली. त्यांनी अस्तरात असायला हवं, पण माझ्या पिशवीत ती पार भिंतीत घुसली होती. "तीही महिन्याला फुगत असणार. पण भिंतीत कोंडलेलं, बाहेर जाणार कुठून? म्हणून भिंत सुजते, म्हणून कळा. असं मला वाटतं."

मी पुन्हा काचेला डोळा लावला. इतकी वर्षं मी नाजूक होते, मनाला फार लावून घेणारी होते, कुणी म्हणे कामचुकार होते. आणि ते सगळं दुखणं इथे उन्हात, पाटावर पडलं होतं, कुणीही यावं आणि बघावं. मला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. टाके दुखायला लागले तरी हसतच होते.

"काय झालं तिला?" म्हणत जाऊबाई आल्या. त्यांनाही बघायचं होतं. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "मला तर नुसते केस दिसतायत."

"त्या तुमच्याच पापण्या, मोठ्या बाई. जरा मागे व्हा."

मग त्यांना दिसलं. त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या, आमच्याहूनही जास्त वेळ. उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

थंडीत ते लाल मिशांचे सर्जन खाडीवर बदकांच्या शिकारीला ठाण्याला आले आणि काप बघायला आमच्याकडे डोकावले. ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडला. साहेब बघत, डॉक्टरीणबाई बोट दाखवत, आणि दोघांची इंग्रजीत जुंपली. मी दाराआड उभी होते. मला राहवेना. मी स्वारीला खुणेने बोलावलं. "काय म्हणतात?"

स्वारीचे कान लाल झाले. बिचाऱ्या स्वारीने आयुष्यभर शेतसारा आणि बांधबंदिस्तीचे अर्ज भाषांतरित केलेले. पण सवयीने तोच थाट तोंडात आला. "साहेबमजकूर असं म्हणतात की, सदरहू कडी ही या बाईंच्या जन्माच्या आधीपासूनच, म्हणजे आईच्या पोटात असतानाच, चुकून भिंतीत राहून गेलेली असावीत. तसं जर्मनीतले कोणी विद्वान लिहितात. यावर डॉक्टरीणबाईंचं उत्तर असं की, या कापात अस्तर वरून खाली मुळ्या सोडल्यासारखं भिंतीत उतरताना प्रत्यक्ष दिसतं. सबब साहेबांचं म्हणणं मान्य करता येत नाही."

"आता साहेब काय म्हणाले?"

"साहेब म्हणतात की... की..." स्वारीने घाम पुसला. "की या सदरात पुढील चौकशी व्हावी."

मी तोंडाला पदर लावून हसले. मग धीर करून दारातून बाहेर आले. मला माझं एक सांगायचं होतं. धाकट्याच्या वेळी बाळामागून पडायची ती वार अडकली होती आणि सुईणीने आत हात घालून ती ओढून काढली होती. दुखणं सुरू झालं ते त्यानंतर. तिथेच भिंत फाटली असेल आणि अस्तर आत शिरलं असेल. स्वारीने हे इंग्रजीत कसं सांगितलं मला माहीत नाही, पण डॉक्टरीणबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "हे होऊ शकतं! नक्कीच होऊ शकतं!"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. एका बाईच्या आठवणीवरून कारण ठरत नाही, असं ते म्हणाले. ते खरंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग पुष्कळ बायांना विचारू."

विचारण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दवाखान्यात जायला बाया लाजत, पण माझ्याकडे हळदीकुंकवाला येत. मी माझी गोष्ट सांगे, मग त्या त्यांची सांगत. मी अगदी ईर्षेला पेटले होते. बाळंतपणात त्रास झालेली आणि मग कळा सुरू झालेली बाई भेटली की मला कोण आनंद! माझं कारण खरं ठरणार असं मी धरूनच चालले होते.

एका दुपारी डॉक्टरीणबाई आणि मी ओसरीवर याच विषयावर बोलत होतो. जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुम्ही मला नाही विचारलंत."

"काय विचारायचं?" मी म्हटलं.

"तेच. कळ आधी की रक्त आधी. पायात उतरतं का." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "माझी कळ आधी. दोन्ही मांड्यांत उतरते. वीस वर्षं झाली."

मागच्या खोलीत आम्ही कितीदा बरोबरीने बसलो होतो. त्या भिंतीकडे तोंड करून पडून असत, मला वाटे झोपल्या आहेत.

"जाऊबाई, बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलू? मूल नाही ते नाही, वर दुखतं म्हणून रडू? लोक म्हणाले असते, काम नको हिला." मग त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. "मला बाळंतपण नाही, सुईण नाही, वार नाही. मग धाकटीचं कारण कुठे राहिलं?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली छत्री खाली ठेवली. "राहिलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा फुलून आला. "मोठ्या बाई, तुम्ही आमचं उत्तरच मोडलंत!"

मला क्षणभर रागच आला. इतक्या मेहनतीने उभं केलेलं माझं कारण, आणि तांदूळ निवडता निवडता त्यांनी ते उडवून लावलं. मग जाऊबाईंच्या तोंडावरचा मिष्किल भाव दिसला आणि राग टिकला नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं, तसंच, तिन्ही वेळा. पिशवी माझ्यासारखीच होती, सगळीकडून सारखी मोठी, त्या दिवसांत हुळहुळी. "यांचंही तेच आहे," त्या म्हणाल्या. "न कापता सांगते. चुकत असेन तर चुकीन, पण मला वाटतं तेच आहे." जाऊबाईंनी ऑपरेशनला नकार दिला. "माझे दिवस आता जायलाच आलेत. इतकं सोसलं, थोड्यासाठी कशाला पोट फाडू?" त्यामुळे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं की खोटं, हे सूक्ष्मदर्शकाखाली कधी बघता आलं नाही.

जाऊबाईंनी एकच विचारलं, "मूल राहिलं नाही, ते याच्यामुळेच का?"

"असू शकेल. मला खात्रीने सांगता येत नाही."

"असू शकेल," जाऊबाईंनी ते शब्द चाखून बघितल्यासारखे म्हटले. "एवढंही पुरे. आजवर सगळे म्हणत, नशीब. कुणी म्हणे पूर्वजन्मीचं पाप. तुम्ही म्हणता भिंत. भिंत बरी." संध्याकाळी थोरले दीर शेतावरून आले तेव्हा जाऊबाईंनी हे त्यांनाही सांगितलं. दीर ऐकून घेऊन म्हणाले, "पापबिप मला कधीच वाटलं नव्हतं," आणि हातपाय धुवायला गेले. त्यांच्या मानाने ते भाषणच झालं.

डॉक्टरीणबाईंनी हे सारं लिहून मुंबईत डॉक्टरांच्या सभेत वाचलं. एकाने विचारलं की तपासलेल्या बाया किती? त्या म्हणाल्या, दोन, एकाच घरातल्या. सभा हसली. तेव्हा ते लाल मिशांचे साहेब उठून म्हणाले की हसू नका, मी गाठ म्हणालो होतो आणि ही नाही म्हणाली होती. पुढे प्लेग आला, सगळी माणसं त्यात गुंतली, आणि नंतर डॉक्टरीणबाईंची नगरला बदली झाली. जाऊबाईंचे दिवस गेले तशा कळाही गेल्या, आणि त्या अशा गुटगुटीत झाल्या की पाटल्या मोठ्या करून घ्याव्या लागल्या. कारण काय ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही असं ऐकते. साहेबांचं खरं की डॉक्टरीणबाईंचं, वाद चालूच आहे म्हणे.

पण मला आठवतं ते प्लेगच्या आधीचं एक लग्न. माझं माहेर कल्याणचं. भावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि आमंत्रण आलं तेव्हा मी तारखा न मोजता "येते" म्हणून सांगितलं. बायकांना कळेल ही केवढी गोष्ट आहे ते. आम्ही दोघी जावा आठ दिवस आधी जाऊन राहिलो. भावाच्या माजघरात बायांचा मेळा जमला होता, कुणी लाडू वळत होत्या, कुणी रुखवत मांडत होत्या. जाऊबाईंना विषय मिळायचा अवकाश. त्यांनी कणकेची पारी लाटली, तिच्यावर बोटाने कडी उमटवली आणि अस्तर भिंतीत कसं शिरतं ते सगळ्यांना समजावून द्यायला सुरुवात केली. रुखवत बघायला आलेल्या, नवरीच्या होणाऱ्या आत्येसासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "शिव शिव, लग्नघरात हे काय!"

"का? पिशवी काय लग्नाला येत नाही?" जाऊबाई म्हणाल्या, आणि माजघर हसण्याने दणाणलं.

दुपारी पंगती उठल्यावर मी विहिरीवर पाय धुवायला गेले. मागून एक तरुण बाई आली. घागर भरायला आल्याचं निमित्त होतं, पण घागर रिकामीच राहिली. इकडे तिकडे बघून ती हळूच म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाई कुठे असतात हो?" मी तिला दवाखाना सांगते आहे तोवर आणखी एक आली, आणि तिच्या मागून कानांवर हात ठेवणाऱ्या आत्येसासूबाईही आल्या.

"मला नाही," त्या घाईघाईने म्हणाल्या, "माझ्या सुनेसाठी विचारतेय."

"ठाण्याला या," मी म्हटलं. "मी स्वतः घेऊन जाईन. आणि घाबरू नका, त्यांना ठाऊक नसलं तर त्या तसं सांगतात."